भेंडवळची घागर आणि मालवणची लाट

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ गावाबाहेरच्या शेतात घट मांडला जातो. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, सरकी अशी अठरा धान्ये गोलाकार ठेवतात. मधोमध खड्डा खणून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, भजी, सांडई, कुरडई, करंजी, पानसुपारी. रात्रभर त्या शेतात कोणी फिरकत नाही. सूर्योदयाला वाघ घराण्यातले महाराज घटाची पाहणी करतात. कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले, घागरीवरचे काय राहिले आणि काय गेले, यावरून पाऊसपाण्याचे, पिकांचे, अगदी राजकारणाचेही भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. आजही विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि मध्य प्रदेशातले शेतकरी भाकीत ऐकायला तिथे जमतात.

या मांडणीत घागर समुद्राचे प्रतीक मानली जाते. भेंडवळपासून जवळात जवळचा समुद्र सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. तरीही पावसाचे भाकीत करताना मधोमध समुद्र ठेवावासा वाटला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कारण आजच्या हवामानशास्त्रातही चार-पाच दिवसांपलीकडचे भरवशाचे जे काही सांगता येते, त्यातले बरेचसे समुद्रामुळेच सांगता येते. हवा चंचल असते. समुद्र सावकाश बदलतो, आणि जे सावकाश बदलते त्याचा अंदाज बांधता येतो. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते लाटांच्या अंदाजात. म्हणून आधी मालवणला जाऊ आणि मग भेंडवळकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, परत येऊ.

खडपावर फुटणारी लाट

१६६४मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. ही जागा निवडण्यामागे एक मोठे कारण होते भोवतालचा बुडता खडक. किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली आणि पाण्याबरोबर खडकांची रांगच आहे. वाट माहीत असलेला स्थानिक तांडेल होडी नेमकी त्यांच्यामधून काढतो. परक्या जहाजाचा तिथे तळ फुटतो. मालवणी माणूस अशा खडकाळ जागेला खडप म्हणतो. खुल्या समुद्राकडे तोंड असलेल्या खडपावर लाटेला अडवणारे काहीच नसते. आलेली लाट पूर्ण ताकदीने तिथे आदळते.

शेजारीच तारकर्लीची वाळूची पुळण आहे. तिथे समुद्राचा तळ हळूहळू वर येतो. लाट दूरवरच अडखळू लागते, थोडी थोडी फुटत येते आणि किनाऱ्याला पोहोचेपर्यंत तिच्यातली बरीच ताकद संपलेली असते. खडपाजवळ पाणी एकाएकी उथळ होते. खोल पाण्यात बेताची दिसणारी लाट तिथे अचानक उभी राहते, तिचा माथा पुढे कोसळतो आणि सगळे पाणी एकाच जागी पडते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपटीपर्यंत कमी झाली की लाट फुटते. म्हणजे दोन मीटर उंचीची लाट अडीच-तीन मीटर पाण्यात फुटणार. खाली वाळू असेल तर खरचटेल. खडक असेल तर हाड मोडेल.

फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फरांना नेमकी अशीच लाट हवी असते, कारण खडक जागचा हलत नाही आणि लाट दरवेळी ठरलेल्या ठिकाणी फुटते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर गोव्यात मोरजी-अश्वे, कर्नाटकात मुल्की आणि केरळात कोवळम इथे हा खेळ रुजला आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधले सर्फिंग तर पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरहून दूर, टाहिटी बेटावरच्या तेआहुपो इथल्या प्रवाळखडकावर झाले. त्यासाठी २७ जुलै ते ५ ऑगस्ट अशी दहा दिवसांची मुदत राखून ठेवली होती. त्यांतल्या कोणत्या दिवशी स्पर्धक पाण्यात उतरणार, हे लाटांचा अंदाज पाहून ठरत होते. धावण्याच्या शर्यतीची वेळ वर्षभर आधी छापता येते, लाटेची येत नाही. पण चार-पाच दिवस आधी मात्र ती बऱ्यापैकी सांगता येते.

लाट येते कुठून

लाट वाऱ्याने उठते. ती किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला. तिसऱ्या गोष्टीचे उत्तम उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारच्या उल्काविवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि त्यातल्या सरोवराची रुंदी त्याहून कमी, सव्वा किलोमीटरच्या आसपास. समजा काठाच्या टेकड्या मध्ये नाहीत आणि ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा या पाण्यावरून दिवसभर वाहतो आहे. तरीही पलीकडच्या काठावर लाट फार तर वीत-सव्वा वीत उंच होईल. वाऱ्याला पाण्यावर काम करायला जागाच पुरत नाही.

दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात नेमके उलटे आहे. तिथे वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाही. एकामागून एक वादळे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात आणि हजारो किलोमीटर लांबीच्या पाण्यावर दिवसचे दिवस वारा घुमतो. दहा मीटरहून उंच लाटा तिथे नवलाच्या नाहीत. वादळ शमले तरी या लाटा शमत नाहीत. त्या वादळातून बाहेर पडतात, एकसारख्या लांब रांगांत लागतात आणि महासागर ओलांडतात. अशा लाटांना स्वेल म्हणतात.

स्वेलचा वेग तिच्या आवर्तनकालावर ठरतो. आवर्तनकाल म्हणजे एक माथा गेल्यापासून दुसरा माथा येईपर्यंतचे सेकंद. खोल समुद्रात १६ सेकंदांच्या लाटांची रांग ताशी सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर पुढे सरकते. ८ सेकंदांची रांग त्याच्या निम्म्या वेगाने जाते. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एकदम सुटलेल्या दोन जोड्यांमधले अंतर पट जितका लांब तितके वाढत जाते, तसेच इथे घडते. सहा हजार किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या १६ सेकंदांच्या लाटा साडेपाच दिवसांत पोहोचतात. ८ सेकंदांच्या लाटांना अकरा दिवस लागतात, आणि वाटेत त्यांचा जोरही बराच कमी होतो. म्हणूनच किनाऱ्यावर आधी लांब आवर्तनकालाच्या, एकमेकींपासून दूरदूर असलेल्या लाटा येतात. कोणत्या आवर्तनकालाच्या लाटा केव्हा आल्या, यावरून वादळ किती दूर झाले असेल याचा उलटा हिशेबही मांडता येतो.

हा हिशेब शास्त्रशुद्ध पद्धतीने मांडला तो दुसऱ्या महायुद्धात. किनाऱ्यावर सैन्य उतरवताना लाटा किती उंच असतील हे आधी कळणे जीवनमरणाचा प्रश्न होता. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचे तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी वाऱ्याच्या नकाशावरून लाटांचा अंदाज काढण्याची रीत बसवली. नॉर्मंडीवरची चढाई ५ जून १९४४ला ठरली होती. हवामान आणि समुद्र पाहून ती एक दिवस पुढे ढकलली गेली आणि ६ जूनला झाली. पुढे १९६३मध्ये मंक आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग संपूर्ण प्रशांत महासागरात काढला. हजारो किलोमीटर जाऊनही त्या लाटांची फारशी झीज होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

हैदराबादमध्ये तयार होणारा समुद्राचा अंदाज

आपल्याकडे हे काम भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, ही संस्था करते. १९९९मध्ये स्थापन झालेली ही संस्था आहे हैदराबादला, समुद्रापासून चांगलीच आत. लाटांचा अंदाज काढायला किनाऱ्यावर बसावे लागत नाही. उपग्रह समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजतात. काही उपग्रह रडारचा झोत खाली सोडून लाटांची उंचीही मोजतात. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०१३मध्ये सोडलेला सरल हा त्यांतलाच. त्याशिवाय किनाऱ्याजवळ नांगरलेले तरंगते बोये लाटांबरोबर वरखाली होत मोजमापे पाठवतात. ही सगळी माहिती संगणकाच्या प्रारूपात जाते आणि पुढच्या काही दिवसांसाठी लाटांची उंची, आवर्तनकाल व दिशा बाहेर येते. मच्छीमारांना संभाव्य मासेमारीची ठिकाणे कळवणे, उंच लाटांचे इशारे देणे आणि त्सुनामीची पूर्वसूचना देणे, ही कामेही इथूनच चालतात.

या अंदाजाची किंमत मार्च-मे २०२४मध्ये दिसली. मार्चच्या अखेरीस दक्षिण महासागरातल्या एका मोठ्या वादळातून निघालेल्या लाटा भारताकडे निघाल्या. ३१ मार्चला केरळच्या किनाऱ्यावर समुद्र घरांत शिरला. केरळात वादळ नव्हते, त्सुनामीही नव्हती. चाहूल न देता चढणाऱ्या अशा समुद्राला मलयाळी कोळी ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. मेच्या सुरुवातीला पुन्हा तसाच प्रकार झाला. इन्कॉइसने इशारा दिला आणि ४ व ५ मे रोजी मुंबई महापालिकेनेही लोकांना समुद्रकिनाऱ्यापासून दूर राहायला सांगितले. ६ मेला कन्याकुमारी जिल्ह्यात पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटांत बुडून मरण पावले. इशारा वेळेवर निघणे आणि तो पुळणीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचणे, यांत अजून बरेच अंतर आहे.

अंदाजातले आकडे काय सांगतात

समजा मालवणच्या खुल्या समुद्रासाठी परवाचा अंदाज असा आहे: लाटांची उंची १.५ मीटर, आवर्तनकाल १६ सेकंद, दिशा नैर्ऋत्य, सकाळी पूर्वेचा मंद वारा, दुपारनंतर वायव्येचा जोराचा वारा.

उंचीचा आकडा पाहताना बहुतेकांची गफलत होते. अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या लाटेची उंची नव्हे. सगळ्या लाटांपैकी मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटरच्या अंदाजात अधूनमधून अडीच मीटरची लाट येणारच. प्रसंगी तीन मीटरच्या जवळपासची येईल. ती आली म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. खडकावर फोटो काढायला उभी असलेली माणसे वाहून जातात ती बहुधा अशा लाटेने. दहा मिनिटे समुद्र शांत पाहून त्यांनी जागा निवडलेली असते.

आवर्तनकालाकडे तर कोणी बघतच नाही, पण खडपावर तोच अधिक बोलका. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि आवर्तनकालाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे उंची तीच, दीड मीटर, राहिली तरी १६ सेकंदांची लाट ६ सेकंदांच्या लाटेपेक्षा अडीचपटीहून जास्त ताकद घेऊन येते. शिवाय १६ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात ४०० मीटर असते, आणि लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत तिची हालचाल पोहोचते. तिला दूरवरूनच तळ जाणवू लागतो, ती वळते, उंचवट्यांवर एकवटते आणि फुटण्याआधी आणखी उंच होते. खोल समुद्रात दीड मीटर असलेली लाट खडपावर दोन मीटरच्या पुढे जाते, ती यामुळे.

वाऱ्याचा भाग शाळेच्या भूगोलात शिकलेला असतो. पावसाळा सोडून इतर महिन्यांत पहाटे आणि सकाळी जमिनीकडून मतलई वारे येतात. ते लाटेचा माथा मागे रेटतात आणि लाट नितळ, उभी राहते. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि पाणी विस्कटते. सर्फर भल्या पहाटे पाण्यात उतरतात ते याचमुळे.

राहिली भरती-ओहोटी. तिचे वेळापत्रक चंद्र-सूर्याच्या गतीवर चालते, म्हणून वर्षभर आधी छापता येते. मालवणला भरती-ओहोटीतला फरक मुंबईएवढा मोठा नसतो, तरी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो चांगलाच जाणवतो. ओहोटीला खडपावर पाणी कमी, म्हणून लाट अधिक आडदांड. भरतीला तीच लाट खडपावरून पुढे निघून किनाऱ्याच्या बांधावर धडकते.

एकाच जागेच्या एका दिवसाच्या अंदाजात असे वेगवेगळ्या मुदतीचे आकडे असतात. भरती वर्षभर आधी कळते, स्वेल पाच-सात दिवस आधी, दिवसाचा वारा दोन-तीन दिवस आधी आणि एखाद्या ढगाची सर जेमतेम काही तास आधी. जून ते सप्टेंबर या काळात हा हिशेब आणखी अवघड होतो, कारण तेव्हा मोसमी वारा खुद्द अरबी समुद्रातच लाटा उठवत असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हंगाम हे त्याचे एक कारण, खवळलेला समुद्र हे दुसरे.

पावसाचे गणित वेगळे का

लाट एकदा वादळातून सुटली की तिची वाट आणि वेग ठरलेला असतो. पावसाचे तसे नाही. १९६०च्या दशकात एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले की वातावरणाच्या आजच्या स्थितीच्या मोजणीत अगदी बारीक चूक राहिली तरी ती दिवसागणिक वाढत जाते. साधारण दोन आठवड्यांनंतर आजच्या हवेत भविष्याची खूणच उरत नाही. यंत्रे कितीही सुधारली तरी जळगाव जामोदला १८ जुलैला पाऊस पडेल की नाही, हे मे महिन्यात कोणालाही सांगता येणार नाही.

मग हंगामाचा अंदाज कशाच्या बळावर देतात? समुद्राच्या. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता साठवता येते तेवढी त्याच्यावरच्या सगळ्या वातावरणात मिळून साठवता येते. एवढा मोठा साठा तापायला आणि निवायला महिने लागतात. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा भाग नेहमीपेक्षा तापला, म्हणजे एल निनो आला, की आपला पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे तापमान पूर्व भागापेक्षा वाढले की पावसाला बहुतेकदा बळ मिळते. जूल चार्नी आणि भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ल यांनी १९८१मध्ये हे सूत्र मांडले: रोजची हवा सांगता आली नाही तरी सावकाश बदलणाऱ्या समुद्रामुळे हंगामाची सरासरी काही प्रमाणात सांगता येते.

त्याआधी शंभर वर्षे हा शोध अंधारात चालला होता. भारतीय हवामान खाते १८७५मध्ये स्थापन झाले. १८७७च्या अवर्षणाने देशात भीषण दुष्काळ पडला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि १८८६पासून हंगामी अंदाज नियमित निघू लागला. १९०४मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवादाबाच्या नोंदी जुळवल्या आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरचा दाब झोक्यासारखा आलटून पालटून वरखाली होतो, हे शोधून काढले. त्याचा एल निनोशी असलेला संबंध पुढे कित्येक वर्षांनी उलगडला. १९२८मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या त्या इमारतीला अजूनही लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

हंगामी अंदाज चुकतो, आणि किती चुकला हे मोजता येते. २००२मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. २००९मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा, पडला ७८ टक्के. १९९७मध्ये उलट झाले. जबरदस्त एल निनो असूनही पाऊस सरासरीएवढा पडला. २०२४मध्ये १०६ टक्के सांगितला आणि १०८ टक्के पडला. भेंडवळची घटमांडणी आणि हवामान खात्याचा अंदाज यांत खरा फरक आहे तो इथे. खात्याच्या अंदाजात आकडा असतो, क्षेत्र असते, चुकीची मर्यादा असते आणि हंगाम संपल्यावर त्याचा जमाखर्च मांडता येतो. ‘जुलैत साधारण, ऑगस्टमध्ये चांगला’ या भाकितात साधारण म्हणजे किती मिलिमीटर आणि कोणत्या गावी, हे सांगितलेले नसते. त्यामुळे ते कुठे ना कुठे खरे ठरतेच. ढेकूळ किती भिजले हे घागर किती झिरपते, माती कशी आहे आणि रात्री हवेत दमटपणा किती होता यावर ठरते. जुलैतल्या पावसाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भाकितांवर आक्षेप घेत आले आहेत, आणि शास्त्राच्या कसोटीवर तो आक्षेप रास्त आहे. हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्यांनी एकत्र जमून पिकापाण्याबद्दल बोलणे ही मात्र चांगली रीत आहे. ती टिकावी; बियाण्याचा निर्णय तिच्यावर सोपवू नये.

आपल्या तालुक्याचा पाऊस

हवामान खात्याचा अंदाजही नीट वाचावा लागतो. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या टक्केवारीवरून बुलढाण्याचे काहीच ठरत नाही. २०२३चे उदाहरण पाहा. अंदाज ९६ टक्क्यांचा होता, देशात पाऊस ९४ टक्के पडला, म्हणजे अंदाज उत्तम ठरला. त्याच वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने नदीनाले गावांत शिरले आणि शेते खरवडून गेली. मग आला ऑगस्ट, देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा. सरासरी जुळली, पूर आणि उघडीप शेतकऱ्याच्या वाट्याला आली.

जिल्ह्याच्या रोजच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असे शब्द येतात. त्यांचे मोजमाप ठरलेले आहे: क्षेत्रातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एक केंद्र धरले, तर तीन तालुक्यांत पाऊस झाला आणि दहा कोरडे राहिले, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. ‘बहुतांश ठिकाणी’ असेल तर पाऊण भागाहून अधिक. हे माहीत नसले की कोरड्या तालुक्यातला माणूस खात्याला नावे ठेवतो आणि पुढचा खरा इशाराही कानाआड करतो.

जिल्ह्याची ठेवणही अंदाजाला अवघड आहे. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. सह्याद्री ओलांडून येणारा अरबी समुद्राचा वारा वाटेत बरेच पाणी टाकून आलेला असतो. इथला चांगला पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे पडतो. ते क्षेत्र पन्नास-शंभर किलोमीटर उत्तरेला सरकले तरी पाऊस सातपुड्यापलीकडे जातो. नागपूरचे रडार बुलढाण्यापासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे एवढ्या अंतरावर त्याचा झोत जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवरून जातो आणि खालचे ढग त्याला दिसत नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५पासून वापरात आली. तिने जाळीचा चौकोन बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आणला. ही मोठी मजल आहे. तरी गडगडाटी ढग त्या चौकोनाहून लहान असू शकतो.

म्हणून अंदाज ऐकताना तो किती दिवसांपुढचा आहे आणि किती मोठ्या क्षेत्राचा आहे, हे आधी पाहावे. हंगामी अंदाजावरून पिकाचा आणि वाणाचा ढोबळ विचार करावा. पाच दिवसांच्या जिल्हा अंदाजावरून फवारणी, खत, काढणी ठरवावी; अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सल्ले आणि ‘मेघदूत’ ॲप त्यासाठीच आहेत. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप आहे. तो इशारा मिनिटांचा असतो, त्यावर लगेच हलायचे असते. कोकणात सहलीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा पाहावा आणि आवर्तनकाल पंधरा सेकंदांच्या पुढे असेल तर खडपावर पाय ठेवू नये, समुद्र कितीही शांत दिसो.

पेरणीसाठी मात्र कोणाच्याही भाकितापेक्षा आपल्या शिवारातला मोजलेला पाऊस मोलाचा. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. पहिल्या सरीवर घाई करून दुबार पेरणीच्या खर्चात पडलेली घरे घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे आहेत. साधा पर्जन्यमापक स्वस्त असतो आणि तो वापरायला पदवी लागत नाही. प्रत्येक गावाने, निदान प्रत्येक शाळेने, तो बसवावा आणि रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद ठेवावी.